महेश्वरी अक्कांची सहा सिलिंडरची गाडी

गेल्या तीस वर्षांत विजापूर रोडला जे गाडी शिकले, त्यातल्या निम्म्यांच्या तरी कानात अजून एक आवाज असतो. "पाय उचल की. क्लचवर झोपायचं नाही." हा आवाज महेश्वरी कलशेट्टींचा. सोलापुरात त्यांना मॅडम कोणी म्हणत नाही, सगळे अक्का म्हणतात. मीही त्यांच्याकडेच शिकले आणि पुढे त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आले. मी बँकेत नोकरी करते. त्यामुळे अक्कांच्या गाडीच्या प्रकरणात मला सल्लागार म्हणून ओढलं गेलं, आणि माझा सल्ला माझ्या डोळ्यांदेखत बाजूला ठेवला गेला. त्याची ही हकीगत.

अक्का मूळच्या वळसंगच्या. घरात कन्नड, दाराबाहेर मराठी. वडील शिवप्पा शेती सांभाळून एक जुनी जीप भाड्यानं चालवायचे. अक्का एकोणीस वर्षांच्या असताना वडिलांचा हात मोडला, आणि नेमकी त्याच आठवड्यात एका वऱ्हाडासाठी जीप ठरलेली होती. शिवप्पांनी मुलीला रानातल्या वाटेवर गाडी शिकवली होती, नुकतंच लायसनही काढून दिलं होतं. "तू जा," म्हणाले. वऱ्हाडातले पुरुष बसायला तयार होईनात. बायका एकमेकींकडे बघत उभ्या. शेवटी नवरीची आई पुढे आली, पदर खोचला आणि अक्कांच्या शेजारी जाऊन बसली. मग बाकीचे बसले. मुहूर्त चुकला नाही. परत येताना त्याच पुरुषांनी "पोरीलाच चालवू दे" असं म्हटल्याचं अक्का अजूनही मोठ्या आनंदानं सांगतात.

लग्न मृत्युंजय कलशेट्टींशी झालं. सर शाळेत भूगोल शिकवायचे. बायकोच्या हातात काय आहे हे त्यांनी लवकर ओळखलं. शाळेतल्या बाईंना, शेजारच्या नर्सबाईंना गाडी शिकायची असायची, पण शिकवणारे सगळे पुरुष, आणि तेही खेकसणारे. सरांनी एक जुनी लहान गाडी घेतली, तिच्या डाव्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच बसवून घेतले, आणि दारावर ड्रायव्हिंग शाळेची पाटी लावली. गंमत अशी की सरांना मात्र गाडी आली नाही. आठव्या दिवशी ते सात रस्त्याच्या चौकात उतरले आणि चालत घरी गेले. "मला नकाशा वाचता येतो, तेवढं पुरे," असं त्यांनी जाहीर केलं. त्यावर दोघांत कधी वाद झाला नाही.

दोन वर्षांपूर्वी वळसंगच्या शेतातून मोठा रस्ता गेला. अक्कांचे भाऊ गुरुशांत एका सकाळी आले, भरपाईतला बहिणीचा वाटा न मागता समोर ठेवला, चहा घेतला आणि गेले. मुलगी दानेश्वरी बंगळुरात, स्वतःच्या पायावर उभी. घर बांधून झालेलं. सरांची पेन्शन चालू. त्या रविवारी मी खाली चहाला बसले होते, तेव्हा अक्का म्हणाल्या, "मला एक जोरात पळणारी गाडी घ्यायची आहे. जर्मन."

मला वाटलं चेष्टा आहे. सरांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे चेष्टा नव्हती.

"तीस वर्षं मी तिसाच्या पुढे गेले नाही," अक्का म्हणाल्या. "शेजारी शिकाऊ, आणि माझा पाय ब्रेकवर. गाडी म्हणजे काय काय करू शकते, हे मला नुसतं ऐकून माहीत आहे. ते एकदा हातानं बघायचं आहे."

दानेश्वरीला फोन लावला. मला वाटलं ती तरी अडवेल. तिनं एवढंच विचारलं, "आई, रंग कुठला?"

मग शोध सुरू झाला, आणि खरा प्रश्न लवकरच समोर आला. अक्कांनी ठरवलेल्या रकमेत दोन गोष्टी येत होत्या. एक म्हणजे कोरी करकरीत गाडी, पण चार सिलिंडरची, त्या कंपनीची सगळ्यात धाकटी. दुसरी म्हणजे चार वर्षं वापरलेली, सहा सिलिंडरची, खऱ्या ताकदीची थोरली. मी अर्थातच नवीच्या बाजूनं. हमी आहे, काही झालं तर कंपनी बघेल, जुन्याच्या पोटात काय दडलंय कोणाला ठाऊक. बँकेत रोज माणसांना असंच समजावते, त्यामुळे मी चांगलं बोलले. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरोबर आहे तुझं. पण आधी चालवून बघू की."

एका शनिवारी पहाटे आम्ही तिघं शाळेच्याच गाडीतून पुण्याला निघालो. बरोबर धपाटे आणि दही. अकराला शोरूममध्ये पोचलो.

तिथला विक्रीचा तरुण फार नम्र होता. कॉफी आणली, पाणी आणलं. फक्त तो सगळं सरांकडे बघून बोलत होता. "सर, शून्य ते शंभर सात सेकंदांत. सर, हे बघा सनरूफ." सर मन लावून ऐकत होते. कोणी माहिती देत असेल तर मध्ये बोलायचं नाही, ही त्यांची मास्तरकीतली शिस्त. शेवटी त्यानं किल्ली सरांपुढे धरली. "सर, एक राउंड?"

"मला गाडी येत नाही," सर म्हणाले. "या शिकवतात."

तरुणानं पहिल्यांदा अक्कांकडे नीट बघितलं. "कोणाला शिकवतात?"

"सोलापूरला," सर म्हणाले.

अक्का चालवायला बसल्या. सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, आणि गाडी अशी निघाली की मागे बसलेल्या मला ती सुटल्याचं कळलंही नाही. बाह्यवळणाच्या रस्त्याला लागल्यावर त्यांनी पाय दाबला. गाडीनं छान ओढ घेतली. मी मनात म्हटलं, झालं, पसंत पडली. तेवढ्यात एक दुचाकीवाला आडवा आला. अक्कांचा पाय ब्रेककडे निघालाच होता, पण त्याच्या आधी गाडीनं स्वतःच करकचून ब्रेक मारला. थोड्या वेळानं अक्का पांढऱ्या पट्ट्याजवळून जात होत्या, तर स्टिअरिंग आपोआप आत वळलं.

"हे काय?"

"सेफ्टी आहे मॅडम. चूक झाली तर गाडी सांभाळून घेते."

"चूक झाली नव्हती."

"बंद करता येतं मॅडम. पण गाडी परत सुरू केली की ते आपोआप चालू होतं. दर वेळी बंद करावं लागेल."

अक्कांनी शोरूमच्या दारात गाडी एका दमात, रेषेत लावली. "माझ्या शिकाऊंसाठी लई चांगली गाडी आहे," त्या त्या पोराला म्हणाल्या, आणि ते टोमणा म्हणून नव्हतं. "माझा पाय इतकी वर्षं जे करतो तेच ही करते. कोणाचा तरी जीव वाचेल हिच्यामुळे. पण मग हिच्यात माझं काम काय?"

दुपारी आम्ही शहराबाहेरच्या एका अड्ड्यावर गेलो. वापरलेल्या महागड्या गाड्या विकणाऱ्याचं ते आवार. तिथं काळी, सहा सिलिंडरची गाडी उभी होती. इतकी चकचकीत की सरांनी तिच्यात बघून केस सारखे केले. मालक छातीवर हात ठेवून म्हणाला, "एकदम विदाऊट ॲक्सिडेंट, मॅडम. एका उद्योगपतीची आहे. फक्त रविवारी काढायचे."

अक्का गाडीभोवती फिरल्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात ती कधी बनली याची बारीक खूण असते, हे मला त्या दिवशी कळलं. दारांच्या चारही काचा एकाच सालच्या होत्या. पुढची मोठी काच दोन वर्षांनी नवी निघाली.

"ही बदलली?"

"दगड लागला असेल, मॅडम. हायवे आहे."

"असेल," अक्का म्हणाल्या. "चला, चालवून बघू."

मालकाचा माणूस शेजारी बसला, मी मागे. सर आवारातच थांबले. पुढे एक रुंद, मोकळा रस्ता होता. अक्कांनी दोनदा आरशात बघितलं. मागे कोणी नव्हतं. "घट्ट बसा," त्या म्हणाल्या, ऐंशीपर्यंत वेग नेला आणि पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबला.

गाडीचं तोंड झटक्यात डावीकडे गेलं. तिकडे उघडं गटार होतं. मी किंचाळले. मालकाच्या माणसाचा फोन हातातून उडून पायाशी पडला. अक्कांनी स्टिअरिंग जेवढ्यास तेवढं उलट धरलं, ब्रेक किंचित सोडला, परत दाबला, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध सरळ उभी केली. मग दिवे लावले, गाडी कडेला घेतली आणि बॉनेट उघडायला सांगितलं.

आतल्या बोल्टांवरचा रंग पान्यानं उडालेला होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. "हिचं तोंड एकदा चेचलेलं आहे. समोरून."

तो माणूस म्हणाला, "थोडं काम झालंय, मॅडम."

आवारात परतल्यावर अक्कांनी मालकाला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, वर्गात बोलतात तशाच बोलल्या. "मी घेत नाही म्हणून काही नाही. पण उद्या कोणी तरी हिच्यात लेकरंबाळं घालून निघेल. त्याला खरं सांगा, आणि आधी ही सरळ करून घ्या." मालक मान खाली घालून "हो मॅडम" म्हणाला. पुढे त्यानं काय केलं, कोण जाणे.

परतीच्या वाटेवर मी विजयी सुरात म्हणाले, "बघा. म्हणून म्हणते, नवीच घ्या."

"एक गाडी खोटं बोलली म्हणून सगळ्या खोट्या का?" अक्का म्हणाल्या आणि धपाटा मागितला.

आठवडाभरानं फोन आला, डॉक्टर वैदेही देगावकरचा. वैदेही भूलतज्ज्ञ. अठराव्या वर्षी ती अक्कांकडे शिकली होती. अक्कांना ती चांगली आठवत होती, कारण ती प्रत्येक गोष्टीला "का" विचारायची. एकदा भर चौकात एसटीसमोर तिची गाडी बंद पडली. मागून भोंग्यांचा कल्लोळ. पोरगी घाबरली नाही. न्यूट्रल केलं, किल्ली फिरवली, पहिला गिअर टाकला, गेली. "तिचं डोकं थंड आहे," अक्का तेव्हाच म्हणाल्या होत्या. आता वैदेही परदेशी चालली होती आणि तिची निळी, सहा सिलिंडरची गाडी तिला विकायची होती. अक्का गाडी बघताहेत, ही बातमी कुठल्या तरी नर्सबाईंकडून तिच्यापर्यंत पोचली होती. अर्ध्या दवाखान्यांना अक्कांनीच तर शिकवलंय.

आम्ही गेलो तेव्हा मला वाटलं, ओळखीची, आवडती विद्यार्थिनी, आता बघणं कसलं. पण अक्का सरळ गुडघ्यावर बसल्या आणि टायरच्या आत हात घालून चाचपू लागल्या.

"डावं पुढचं टायर आतल्या कडेला जास्त झिजलंय. कुठं आदळलीस?"

वैदेही हसायला लागली. "मोहोळच्या अलीकडे, अक्का. रस्त्याचं काम चालू होतं. खड्डा दिसला नाही. सांगणारच होते मी."

"सांगितलं नव्हतंस की."

"नव्हतं," वैदेहीनं मान्य केलं. हसू गेलं होतं.

तिथून गाडी बिरुदेवकडे नेली. बिरुदेव होटगी रोडचा मिस्त्री. शाळेच्या गाड्या वीस वर्षं तोच बघतो. त्यानं गाडी वर उचलली, खाली शिरला, आणि बराच वेळ नुसती त्याची बॅटरी इकडून तिकडे फिरताना दिसत राहिली. मग बाहेर आला, हात पुसले.

"इंजिन लई झ्याक हाय अक्का. तेल गळत न्हाय, कुटं चेपलं न्हाय, कुटं जोडलं न्हाय. पण डाव्या चाकाचा खालचा दांडा वाकलाय."

"तू करशील?"

"न्हाय. खोटं कशाला बोलू? ह्या गाडीचं काम माज्याकडनं हुणार न्हाय. पुण्याला न्या."

अक्कांना बिरुदेवचं हे बोलणं फार आवडलं. वैदेहीनं दांडा बदलून, टायर घालून, पुण्याहून लेखी कागद आणून द्यायचं कबूल केलं. ते काम होऊन कागद हाती आल्यावर अक्का वैदेहीला घेऊन विजापूरच्या चौपदरी रस्त्याला गेल्या. दोघीच गेल्या. तासाभरानं परत आल्या तेव्हा अक्कांचा अंबाडा सुटलेला होता आणि चेहरा असा, जसा मी आधी कधी बघितला नव्हता.

संध्याकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. हमी, सुटे भाग, पुण्याच्या फेऱ्या, सगळं परत मांडलं. "सर्व्हिसला दर वेळी अडीचशे किलोमीटर जावं लागेल, अक्का."

"ती गाडी हाताशी असताना अडीचशे काय लांब आहे?" मग त्या जरा गंभीर झाल्या. "तू म्हणतेस ते खोटं नाही. गाडीची पारख नसलेल्या माणसानं नवीच घ्यावी. पण हे बघ. नवी घेतली तर हमी कंपनी देणार. ही घेतली तर हमी मी देणार. मला माझी जास्त खात्री आहे. चार वर्षं ही गाडी कोणाच्या हातात होती, ते मला ठाऊक आहे. तो हात मीच धरून शिकवलाय. दुखणं होतं ते सापडलं. उद्या आणखी काही निघालं तर त्यासाठी वेगळं ठेवलेलं आहे. आणि मला सनरूफ बेडा."

बेडा म्हणजे नको. अक्का कन्नडवर आल्या की विषय संपलेला असतो.

सरांनी एकच विचारलं, "तुला कुठली आवडली?"

"निळी."

"मग झालं," सर म्हणाले आणि नकाशाचं जुनं पुस्तक काढायला आत गेले. कुठं कुठं जायचं, हे ठरवायचं होतं.

गाडी घरी आली तेव्हा गल्लीत बरीच कुजबुज झाली. या वयात, शिकवणीवाल्या बाईला, असली गाडी. अक्कांच्या कानावर ते आलं असणारच. त्यांनी रविवारी सकाळी साडेसहाला गाडी काढायला सुरुवात केली. आधी एकट्या, मग सरांबरोबर. रस्त्यावर शंभरच्या पुढे त्या जात नाहीत. ज्यांनी हजारोंना नियम शिकवले त्यांनी ते मोडायचे नाहीत, हे त्यांचं ठाम. पण तिसावरून शंभरावर जायला गाडीला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात सर एकदा "अबाबा" म्हणतात, आणि मग दोघंही हसतात. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडणं हे अक्कांचं आवडतं काम. रस्ता पूर्ण मोकळा होईतो थांबतात, आणि मग बघता बघता पार.

वर्षभरात गाडीनं एकदा त्रास दिला. पाण्याचा पंप गेला, इंदापूरजवळ. अक्कांनी तापमानाचा काटा चढायला लागल्याबरोबर इंजिन बंद केलं, गाडी ओढून पुण्याला पाठवली, आणि मला फोन करून स्वतःच म्हणाल्या, "घे, तुझ्या मनासारखं झालं. पण इंजिन वाचवलं बरं का मी."

मग गेल्या जानेवारीत त्या ट्रॅकवर गेल्या. पुण्याच्या पुढे एक खासगी ट्रॅक आहे. काही डॉक्टर मंडळी तिथं दिवसभरासाठी गाड्या घेऊन जातात. वैदेहीनं परदेशातून फोन करून अक्कांचं नाव घालायला लावलं होतं. सत्तावन्न वर्षांच्या अक्का, साडीऐवजी पंजाबी ड्रेस, डोक्यावर हेल्मेट. तिथला शिकवणारा विरेश नावाचा सव्वीस वर्षांचा पोरगा होता. तो म्हणाला, "काकू, तुम्ही वळणात फार लवकर ब्रेक दाबता." अक्कांनी ऐकलं. दुसऱ्या फेरीत उशिरा दाबला. तिसऱ्या फेरीत आणखी उशिरा, आणि गाडी भोवऱ्यासारखी दीड वेढा फिरून गवतात जाऊन उलट्या तोंडानं उभी राहिली.

सर आणि मी जाळीपलीकडे होतो. विरेश पळत गेला. दार उघडलं. अक्का हेल्मेट काढून इतक्या हसत होत्या की त्यांना बोलता येईना.

"सुटली की हातातून!" त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुटली. आता कळलं सुटते कशी. परत जाऊ?"

दिवसभरात त्यांनी आणखी बारा फेऱ्या मारल्या. परत एकदाही गाडी फिरली नाही.

सोलापूरला आल्यावर त्यांनी शाळेच्या शिकवणीत एक तास वाढवला. इतकी वर्षं आपण माणसांना गाडी जपून चालवायला शिकवलं, पण अचानक करकचून थांबायची वेळ आली तर काय होतं, हे कोणालाच हातानं दाखवलं नाही, असं त्यांना तिथं जाणवलं होतं. आता होटगी रोडच्या मोकळ्या मैदानात, रविवारी सकाळी, प्रत्येक शिकाऊला चाळीसच्या वेगानं येऊन पूर्ण ताकदीनं ब्रेक दाबावा लागतो. खडीवर गाडी घसरते, डुलते, थांबते.

परवा मी बघायला गेले होते. चिमाबाई नावाच्या बाई गाडीत होत्या, वय पंचेचाळीसच्या पुढे. डबे पोचवायला त्यांनी छोटा टेम्पो घेतलाय, म्हणून शिकताहेत. पहिल्यांदा ब्रेक दाबला तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले आणि देवाचं नाव घेतलं. धूळ खाली बसली.

चिमाबाईंनी डोळे उघडले. गाडी कुठं थांबलीय ते बघितलं. मग पदरानं तोंड पुसलं.

"अक्का," त्या म्हणाल्या, "आनी एकदा करू का?"